सहावा विषय

बारावीच्या विषय-अर्जात पाच रकाने सरळ भरले.
सहाव्यात पेन्सिलीने लिहिलं: जीवशास्त्र.
खोडलं. भूगोल.
खोडलं. परत जीवशास्त्र.
कागद तिथे इतका झिजलाय
की उजेडात धरला तर पलीकडचा पंखा फिरताना दिसतो.

क्लासचे कुडतरकर सर म्हणतात, भूगोल घे,
दहा दिवसांत वाचून होतो.
बिचारा भूगोल.
सगळ्या नद्या, सगळे पठार, दहा दिवसांत.
म्हणतात, गणित बरं आहे तुझं, सीईटीला एकच गट धर,
बेडकाच्या पोटात वेळ घालवू नकोस.

श्रावस्तीचं दहावीतच ठरलंय, नीट.
कंपासपेटीच्या झाकणात तिने आतून चिकटवलीत
कॉलेजांची नावं, गेल्या वर्षीच्या कटऑफसकट.
तुझं काय, विचारते.
बघू, म्हणते मी.
‘बघू’ नावाचं कॉलेज नाहीये गं,
आणि आवळासुपारीची पुडी माझ्यापुढे धरते.

रात्री अकरापर्यंत कोपरखैरण्याची अभ्यासिका.
चाळीस खुर्च्या, सहा पंखे.
तिसऱ्या पंख्याखालची जागा
कुणीतरी सकाळीच पाण्याची बाटली ठेवून धरलेली.
भिंतीकडे बसतो एक दादा,
चौथ्यांदा राज्यसेवा देतोय.
तो पान उलटतो तेव्हा आम्ही अकरावीवाले
उगाच आपलंही पान उलटतो.

खरं सांगायचं तर जानेवारीत
देवरुखकर मॅडमनी ऐरोलीच्या खाडीवर नेलं होतं.
चिखलातून वर आलेले खिळेच खिळे.
मुळं आहेत ही, मॅडम म्हणाल्या,
खाली हवा नाही म्हणून वर येतात श्वासाला.
हे परीक्षेत दोन मार्कांना येतं.
मी मात्र तिथे उभी राहिले
बूट रुतेपर्यंत.

बाबा तुर्भ्याहून आले, दुपारचे तीन.
कांदा-बटाटा मार्केटचा वास त्यांच्याआधी घरात.
आकडा खुंटीला अडकवला, लोखंडी,
ज्याने ते गोण्या ओढतात.
माझेही आकडेच, पण कागदावरचे.
अर्जावर बोट फिरवत विचारलं,
एकेकाचं वजन किती?
शंभर मार्क.
म्हंजी सहाशे. सगळी सारखीच?
नाही बाबा.
हां.

मग म्हणाले,
वझं उचलायच्या आदी उतरवायची जागा बघावी.
मधीच थांबलं की मान जाते.
पण मला जागाच दिसत नाही, मी म्हटलं.
आमाला तरी कुठं दिसती पहाटंची?
म्होरच्याच्या टाचा बघून चालायचं.

माझ्या म्होरं आपल्या घरात कोण आहे?

ते गप्प.
आतून आई, हात पिठाचे:
आहे की. माझी सातवी.
मग दोघंही हसले,
मी नाही हसले लगेच.

सोमवारी कॉलेजच्या खिडकीशी रांग.
कारकून बाईंनी अर्ज उजेडात धरला,
भोक पडलंय याला, नवा घे,
आणि पेनाने लिही, इथे पेन्सिल चालत नाही.
पुढे श्रावस्ती. नव्या चपलेने सोललेल्या
तिच्या टाचेवर पट्टी.
मी बराच वेळ ती पट्टी बघत राहिले.
मग माझ्या बुटांकडे. शिवणीत अजून तो राखाडी चिखल,
आईने दोनदा घासूनही.

भिंतीला टेकवून भराभर पाच लिहिले.
सहाव्यात ‘जी’ लिहिला
आणि पेन चालेना.
झटकलं, तळव्यावर गिरवलं, फुंकर मारली.
मागे ‘ब’ तुकडीतली एक बुटकी मुलगी,
दोन वेण्या, नाव माहीत नाही,
बहुतेक मघापासून माझ्या टाचांकडे बघत असावी.
हे घे ना, म्हणाली.

तिचं पेन काळं होतं.
‘जी’ निळा, ‘वशास्त्र’ काळं.
हे चालेल का, मी विचारलं.
बाईंनी चष्मा वर केला, शिक्का मारला.
म्हणाल्या, वाचता येतंय ना?
पुढचा.